गल्लीबोळांचा वैद्य : सर पॅट्रिक गेडेस

मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्ती कापून रुंद व सरळ रस्ते काढले की हवा खेळेल आणि रोगराई हटेल, अशी त्या काळची समजूत होती. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे मार्ग याच धोरणातून निघाले. पुढे लहानमोठ्या गावांतही हाच कित्ता गिरवला जाऊ लागला. मात्र ज्यांची घरे रस्त्यात जात, ती माणसे शेजारच्या वस्तीत जाऊन कोंबली जात. दाटी हटत नसे, ती फक्त जागा बदलत असे. ही गोष्ट गावोगावी फिरून दाखवून देणारे गृहस्थ इंजिनिअर नव्हते की वास्तुविशारदही नव्हते. ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

पॅट्रिक गेडेस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर येथे झाला. वडील सैन्यात होते. पर्थजवळच्या टेकडीवरील घर, बाग आणि वडिलांबरोबरची भटकंती यांतून त्यांचे निसर्गप्रेम वाढले. लंडनमध्ये थॉमस हक्सले यांच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. ती परत आली, पण सूक्ष्मदर्शकावरचे काम कमी करावे लागले. सजीव आणि त्याचा परिसर यांच्या नात्याचा अभ्यास करणारी त्यांची बुद्धी मग माणूस आणि त्याचे शहर यांच्याकडे वळली.

१८८६ मध्ये त्यांचा विवाह ॲना मॉर्टन यांच्याशी झाला. थोड्याच काळात हे दांपत्य एडिंबरोच्या जुन्या भागातील जेम्स कोर्ट या मोडकळीस आलेल्या वस्तीत राहायला गेले. शेजाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी भिंती रंगवल्या, अगदीच टाकाऊ बांधकामे काढली आणि मोकळ्या झालेल्या जागांत बागा केल्या. वस्ती न उठवता ती सुधारण्याच्या या पद्धतीचे पुढे जपणुकीची शस्त्रक्रिया असे नामकरण झाले.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ मध्ये गेडेस हिंदुस्थानात आले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज एमडेन या जर्मन युद्धनौकेने बुडवले. वर्षानुवर्षे जमवलेले नकाशे आणि चित्रे समुद्रात गेली. तरीही नवी सामग्री जमवून त्यांनी प्रदर्शन भरवले आणि मग मदुरा, तंजावर, ठाणे, सुरत, लखनौ अशा अनेक शहरांची पाहणी केली.

त्यांची पाहणी पायी चालत होई. प्रत्येक बोळ, विहीर, देऊळ, झाड आणि घराचा उंबरठा ते पाहत. रोगनिदानाआधी औषध देऊ नये, तसा पाहणीआधी नकाशा काढू नये, असा त्यांचा दंडक होता. रहदारी बेताची असताना आखलेले भलेमोठे रस्ते त्यांना धूळ, ऊन आणि खर्च वाढवणारे वाटत. सावलीची अरुंद गल्ली त्यांना दोष वाटत नसे. पडकी घरे तेवढी काढावीत, मिळालेल्या जागेत लहानसा चौक करून झाड लावावे, म्हणजे मुलांना खेळायला आणि वडीलधाऱ्यांना बसायला जागा होते, असे त्यांचे अहवाल सांगतात. अंगणातील तुळशीवृंदावनात त्यांना नीटनेटक्या घराची खूण दिसली.

१९१७ हे वर्ष मात्र क्रूर ठरले. थोरला मुलगा ॲलस्डेअर फ्रान्सच्या रणभूमीवर पडला. ॲना तेव्हा हिंदुस्थानात विषमज्वराने अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना ती बातमी कळू दिली नाही आणि जूनमध्ये त्यांचेही निधन झाले. गेडेस कामात राहिले. होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेगविरुद्ध लोकांना जागे करण्यासाठी त्यांनी दिवाळीत मिरवणूक काढली. ज्या भागातील लोक आपली घरे आणि रस्ते सर्वाधिक स्वच्छ करतील, तिकडून ती जाणार होती. त्यामुळे गल्ल्या भराभर झाडून निघाल्या. मिरवणुकीत प्लेगचा प्रचंड उंदीर होता, तसेच हातात शहराचा नवा आराखडा घेतलेली नगरदेवताही होती.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे ते पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना त्यांच्याच शिफारशीने इंग्लंडला शिकण्याची संधी मिळाली. भारतीय समाजशास्त्राच्या उभारणीत घुर्ये यांचा वाटा पुढे मोठा ठरला.

तोवर मोटारींचे युग सुरू झाले होते. १९२५ मध्ये तेल अवीवसाठी केलेल्या आराखड्यात गेडेस यांनी मुख्य रस्ते आणि घरांचे रस्ते वेगळे ठेवले. मोठी रहदारी बाहेरून जावी आणि आतल्या लहान गल्ल्यांतून सामाईक बागेपर्यंत पायी पोहोचता यावे, ही त्यामागची कल्पना. या आराखड्यावर वसलेल्या तेथील श्वेतनगरीला २००३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

१९३२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

रस्ता रुंदीकरणाचा प्रस्ताव आला की आजही बहुधा मोटारींची मोजणी होते. पायी बाजाराला जाणारी बाई, सायकलवरून शाळा गाठणारा मुलगा आणि ओट्यावर बसलेले आजोबा त्या मोजणीत धरले जात नाहीत. गेडेस त्यांच्यापासूनच सुरुवात करत.