बाळाजी विश्वनाथांची शिष्टाई

पहिल्या बाजीरावाचे वडील एवढ्याच नात्याने बहुतेकांना ठाऊक असलेल्या बाळाजी विश्वनाथ भट यांची खरी थोरवी रणांगणावरची नव्हे. घोड्यावर नीट बसणेही त्यांना जमत नसे, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, कोकण किनारा त्यांनी सातारच्या गादीला मिळवून दिला तो बोलणी करून, हे निर्विवाद आहे.

श्रीवर्धनची देशमुखी भट घराण्याकडे होती. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे ते घराणे परागंदा झाले आणि बाळाजींनी वाशिष्ठीच्या खाडीकाठी, चिपळूणच्या मिठागरांवर कारकुनी पत्करली. खाडीच्या मुखावर किल्ला ज्याचा, जकात त्याची, हा कोकणचा व्यवहार त्यांना तेथे उमगल्यावाचून राहिला नसेल. पुढे घाटावर जाऊन ते धनाजी जाधवांच्या पदरी वसुलाच्या कामात मुरले. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून परतले, तेव्हा धनाजींपाठोपाठ बाळाजीही त्यांच्या पक्षात आले.

शाहूंचे राज्य तेव्हा नावापुरतेच होते. कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या पक्षाचे. सुवर्णदुर्गापासून कुलाब्यापर्यंतचे आरमार त्यांच्या हाती. १७१३ मध्ये शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना फौजेनिशी त्यांच्यावर धाडले. कान्होजींनी लोहगड तर घेतलाच, वर पेशव्यांनाच कैद केले! आता खुद्द साताऱ्यावरच संकट येणार, अशी धास्ती पसरली.

अशा वेळी, नोव्हेंबर १७१३ मध्ये, पेशवेपदाची वस्त्रे बाळाजींना मिळाली. ते फौज घेऊन निघाले खरे. पण लढाई झाली नाही. लोणावळ्याच्या परिसरात उभयतांची बोलणी झाली आणि १७१४ च्या आरंभी तह ठरला. कान्होजींनी कोल्हापूरचा पक्ष सोडावा, बहिरोपंतांना मुक्त करावे, राजमाचीखेरीज जिंकलेली स्थळे परत द्यावीत. शाहूंनी त्यांना सरखेल म्हणून मान्यता द्यावी आणि दहा किल्ले व सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे राहू द्यावीत. यांत सुवर्णदुर्ग आणि जयगड हे आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातील जलमार्गाचे पहारेकरीही आले.

बारकाईने पाहता शाहूंनी कान्होजींना नवे असे फारसे काही दिलेच नाही. जे त्यांनी बळाने राखले होते, तेच सनदेने त्यांचे झाले. परंतु या कागदी फरकातच तहाचे मर्म होते. कालचा शत्रू राज्याचा अधिकारी झाला; त्याचा मानभंग झाला नाही आणि छत्रपतींचे स्वामित्वही अबाधित राहिले. ज्या सिद्दीमुळे भटांना गाव सोडावे लागले, त्यालाही १७१५ मध्ये समेटास यावे लागले. १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आणून बाळाजी परतले आणि पुढल्याच वर्षी सासवडला निवर्तले.

तहाची किंमतही होती. बलाढ्य सरदाराला मुलूख वंशपरंपरेने तोडून द्यायचा हा पायंडा पुढे राज्याला जड गेला. शिवाय हा समेट दोन घराण्यांपेक्षा दोन माणसांतला अधिक होता. कान्होजी १७२९ मध्ये वारले, त्यांच्या मुलांत भाऊबंदकी माजली आणि मध्यस्थी करील असा बाळाजींसारखा कारभारी उरला नाही. १७५५ मध्ये बाळाजींचेच नातू नानासाहेब पेशवे यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध मुंबईच्या इंग्रजांची मदत घेतली. हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग त्या वर्षी पडला, आणि १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात मराठ्यांचे ते आरमार इंग्रजी तोफांनी जळाले.