जंगलात संसार मांडणारी ओसा जॉन्सन

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वेळी एका स्त्रीचे चरित्र देण्याची प्रथा आहे. यंदा ती कामगिरी चिटणीसबाईंनी माझ्यावर सोपविली. साध्वी, समाजसेविका, लेखिका यांची चरित्रे आपण पुष्कळ वाचली. म्हणून मी एका निराळ्याच बाईची गोष्ट सांगायचे ठरविले. तिचे नाव ओसा जॉन्सन. नवऱ्याच्या बरोबरीने ती आफ्रिकेच्या रानात वर्षानुवर्षे राहिली, आणि सिंह, हत्ती, गेंडे यांची चित्रे काढून त्या दोघांनी ती साऱ्या जगाला दाखविली. माझ्या भाचीने तिच्या पुस्तकातली प्रकरणे मला मराठीतून सांगितली, तेव्हापासून ही बाई मनातून जाईना. तिचे मला फार कौतुक वाटते. एकदोन ठिकाणी रागही येतो. तोही लपविणार नाही.

ओसाचा जन्म 14 मार्च 1894 चा, अमेरिकेतील कॅन्सस प्रांतातल्या शनूट या लहानशा गावचा. वडील रेल्वेत नोकरीला. घर साधे, आपल्यासारखेच. त्या गावात एकदा एक फिरता फोटोग्राफर आला. ओसा आपल्या धाकट्या भावाला नटवून त्याच्याकडे फोटो काढायला घेऊन गेली, आणि फोटो काही तिला पसंत पडला नाही, असे तिने स्वतःच लिहून ठेवले आहे. तो फोटोग्राफर म्हणजे मार्टिन जॉन्सन. पुढे हाच आपला नवरा होणार हे त्या पोरीला काय ठाऊक!

मार्टिन तिच्याहून साडेनऊ वर्षांनी मोठा. त्याच्या वडिलांचे जवळच्याच इंडिपेंडन्स गावात जवाहिऱ्याचे दुकान होते व तेथे कॅमेऱ्याचे सामानही विकत. त्यातून मुलाला फोटोचा नाद लागला. शाळेत मन नाही, घरात पाय ठरत नाही, असा तो मुलगा. 1907 साली प्रसिद्ध लेखक जॅक लंडन आपल्या लहानशा गलबतातून जगप्रवासाला निघाले. त्यांना माणसे हवी होती. मार्टिन स्वयंपाकी म्हणून त्या गलबतावर चढला. आता गंमत अशी की त्याला स्वयंपाक फारसा येतच नव्हता! पण निभावून नेले. परत आला तो दक्षिण समुद्रातल्या बेटांचे फोटो घेऊन, आणि गावोगाव ते पडद्यावर दाखवून पैसे मिळवू लागला.

1910 च्या मे महिन्यात ओसाने घरच्यांना न सांगता त्याच्याशी लग्न केले. ती सोळा वर्षांची होती. वडील फार संतापले. तिला आपले घर हवे होते, पडदे, भांडीकुंडी, परसात भाजी, सगळे नीटनेटके. तसे घर तिने लावलेही. पण नवऱ्याच्या डोक्यात बेटे घोळत होती. थोड्याच दिवसांत त्याने घरातले सामान विकून टाकण्याची गोष्ट काढली. हौसेने मांडलेला संसार डोळ्यांदेखत विकला जाताना त्या मुलीला काय वाटले असेल हे आपल्याला निराळे सांगायला नको. ती रडली, आणि मग त्याच्याबरोबर निघाली. सात वर्षे दोघे नाटकगृहांतून हिंडली. तो फोटो दाखवी, ती हवाई बेटांची गाणी म्हणे. पै पै करून प्रवासाचे पैसे साठविले.

1917 साली दोघे न्यू हेब्रिडीज बेटांत गेली. आज त्या देशाला व्हानुआटू म्हणतात. तेथल्या मालेकुला बेटावर, बिग नंबास नावाच्या लोकांच्या मुलखात, सर्वांचा सल्ला न ऐकता ती शिरली आणि सापडली. त्या लोकांनी दोघांना धरले. तेवढ्यात खाली खाडीत इंग्रजांची गस्तीची बोट दिसली म्हणून सुटका झाली. एखादी असती तर पुन्हा त्या वाटेला गेली नसती. ही दोघे 1919 मध्ये परत तेथेच गेली, आणि त्या लोकांना त्यांचाच चित्रपट पडद्यावर दाखविला!

पण माझी खरी गोष्ट आफ्रिकेची आहे. प्राण्यांचे मोठे जाणकार व शिल्पकार कार्ल एकली यांनी या जोडप्याला सुचविले की माणसे पुरे झाली, आता आफ्रिकेतील जनावरांची चित्रे घ्या, शिकारीच्या पायी ती झपाट्याने कमी होत आहेत. त्याप्रमाणे 1921 मध्ये ही दोघे केनियात उतरली. मोंबासा बंदरावरून रेल्वेने नैरोबीला गेली. ही रेल्वे बांधण्यासाठी आपल्या देशातून हजारो मजूर नेले होते व त्यांतले कितीतरी तेथेच मेले, हे जाता जाता सांगून ठेवते.

त्या काळचा चित्रपटाचा कॅमेरा कसा असे ते सांगितल्याशिवाय ओसाचे काम कळणार नाही. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवायचा, डोळा भोकाला लावायचा, आणि हाताने दांडा फिरवायचा. सेकंदाला साधारण दोन फेरे, कमी नाही की जास्त नाही. हात अडखळला की पडद्यावर जनावर उड्या मारू लागते. म्हणजे दांडा फिरविणाऱ्याला बाजूचे काही दिसत नाही व पळताही येत नाही. अशा वेळी समोरून गेंडा धावत आला तर? मार्टिन दांडा फिरवीतच राही. त्याच्या शेजारी बंदूक खांद्याला लावून ओसा उभी असे. तिचा नेम त्याच्याहून चांगला होता. गोळी लवकर झाडली तर चित्र वाया गेले, उशीर झाला तर नवरा गेला. हा हिशेब तिने मनातल्या मनात किती वेळा केला असेल! पडद्यावर मात्र आपल्याला नुसता धावणारा गेंडा दिसतो.

1924 ते 1927 ही वर्षे तिच्या आयुष्यातील सर्वांत सुखाची. केनियाच्या उत्तरेला मार्साबिट नावाचा डोंगर आहे. सभोवती रखरखीत वाळवंट, आणि डोंगरावर मात्र दाट झाडी. तेथे एका जुन्या ज्वालामुखीच्या मुखात गोड्या पाण्याचे तळे आहे. या तळ्याला त्यांनी नंदनवन अशा अर्थाचे नाव दिले, तेच नाव आजही चालते. तेथे राहण्यासाठी पैसा हवा होता. कोडॅक कंपनीचे मालक जॉर्ज ईस्टमन यांनी आधी नकार देऊन मग मदत केली, आणि न्यूयॉर्कच्या निसर्ग-इतिहासाच्या संग्रहालयानेही पाठिंबा दिला. मोटारी आणि बैलांच्या गाड्या भरून सामान निघाले. वाटाड्या होता बोकुली नावाचा आफ्रिकी माणूस. हत्तींच्या सवयी त्याला इतक्या ठाऊक होत्या की तो हत्तींचा भाऊबंद आहे असे लोक म्हणत.

तळ्याकाठी त्यांनी लाकडाची व गवताची घरे उभारली. एक राहण्याचे, एक फिल्म धुण्याचे, शिवाय नोकरांची. उघड्यावर पाणी उकळणे, ते गाळणे, अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणे, वाळविणे, डब्यांत बंद करणे, हे सारे तेथेच. पाण्यात गाळ राहिला तर महिन्याची मेहनत फुकट. त्या वेळची फिल्म पेट घेणारी असे, तेव्हा विस्तवाची धास्ती निराळीच.

आणि ओसाचा संसार! कॅन्ससमध्ये विकला गेलेला तो संसार तिने येथे पुन्हा मांडला. बियाणे नेले होते, त्याची बाग केली. रात्री हत्ती येऊन बाग तुडवीत आणि भाजी खाऊन जात. सकाळी उठून ती पुन्हा वाफे करी. आपल्याकडे गाय शिरली तर आपण दिवसभर बोलतो! ती मासे धरी, माणसांच्या जेवणासाठी शिकार करी, पाव भाजी, आजाऱ्यांना औषध देई. 1926 मध्ये स्वतः ईस्टमन आफ्रिकेत आले. इतका मोठा धनिक, पण त्यांना रानात स्वयंपाक करण्याची भारी हौस होती. एकलीही त्याच वर्षी आफ्रिकेत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात काँगोच्या डोंगरात त्यांचा अंत झाला. ज्यांनी वाट दाखविली तेच गेले, याचे त्या दोघांना फार दुःख झाले.

या मुक्कामातून व पुढच्या भटकंतीतून 1928 साली ‘सिम्बा’ हा चित्रपट निघाला. पाणवठ्याजवळ काटेरी फांद्यांचा आडोसा करून, तासन्तास गप्प बसून ही चित्रे घेतली होती. रात्री सिंहांचे फोटो घेण्यासाठी भक्ष्य बांधून झोताचे दिवे लावीत. सिंह मोटारीला भीत नाहीत, मोटारीत बसून त्यांचे फोटो जवळून घेता येतात, हेही या मंडळींच्या लक्षात आले. आज प्रवासी आफ्रिकेत मोटारीतून सिंह बघतात, तेव्हा त्याच युक्तीचा फायदा घेतात.

आता रागाचे. 1930 च्या सुमारास ही दोघे काँगोच्या इतुरी अरण्यात ठेंगण्या लोकांत राहिली. तेथे घेतलेला ‘काँगोरिला’ हा चित्रपट 1932 मध्ये आला. आफ्रिकेत आवाजासह घेतलेल्या पहिल्या चित्रपटांत तो मोडतो. त्यात त्या लोकांना मोठमोठे चिरूट ओढायला दिले, फुगे फुगवायला लावले, बाजा लावून नाचविले, आणि प्रेक्षकांना हसविले. ज्यांच्या घरात पाहुणे म्हणून राहायचे त्यांचीच चेष्टा करून पैसे मिळवायचे, हे मला पटत नाही. जनावरांना मुद्दाम चिडवून अंगावर धावायला लावीत, असाही आक्षेप आहे, तो खोटा म्हणता येत नाही. याच फेरीत गोरिलाची दोन पिल्ले धरून अमेरिकेत नेली. एक नर व एक मादी अशा समजुतीने ती 1931 मध्ये सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयाला दिली. पुढे कळले की दोन्ही नरच! दोघेही तेथेच मेले, एक 1942 मध्ये व दुसरा 1944 मध्ये. ओसाने त्या पिल्लांना मुलासारखे सांभाळले, हे खरे. पण आईपासून तोडलेले लेकरू कोणी कितीही माया लावली तरी तोडलेलेच ना?

1932 मध्ये दोघे शनूटला जाऊन विमान चालवायला शिकली. बाई चाळिशीला आली होती. मग पाण्यावर व जमिनीवर उतरणारी दोन सिकोर्स्की विमाने घेऊन 1933 मध्ये पुन्हा आफ्रिकेत. मोठ्या विमानावर झेब्र्याचे पट्टे रंगविले होते, त्याला ओसाचेच नाव दिले होते. लहान विमानावर जिराफाचे ठिपके. साठ हजार मैलांचा प्रवास त्यांनी त्या विमानांतून केला. किलिमांजारो व केनिया या बर्फाच्या शिखरांवरून विमान नेऊन चित्रे घेतली. वरून हत्तींचे कळप, फ्लेमिंगो पक्ष्यांचे थवे कसे दिसतात हे लोकांनी पहिल्यांदा 1935 च्या ‘बबूना’ चित्रपटात पाहिले.

इतके रानांत हिंडून दोघांना काही झाले नाही. आणि 12 जानेवारी 1937 रोजी, आपल्याच देशात, व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना, उतारूंचे विमान लॉस एंजेलिसजवळच्या डोंगरावर आपटले. मार्टिन दुसऱ्या दिवशी गेला. ओसाचा पाय मोडला होता. ठरलेली व्याख्याने रद्द करा असे कोणीही म्हटले असते. ती चाकांच्या खुर्चीत बसून व्यासपीठावर आली आणि नवऱ्याने घेतलेली चित्रे दाखवून बोलली. त्याच वर्षी एका चित्रपट कंपनीसाठी ती आफ्रिकेत गेली, या खेपेस मोहिमेची प्रमुख म्हणून. 1940 मध्ये तिचे आत्मचरित्र निघाले व त्या वर्षी अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर खपले. ते लिहिण्यात दुसऱ्यांचा हात होता असे सांगतात. असेल. बंदूक धरून उभी होती ती तर तीच होती.

पुढे तिने आपल्या व्यवस्थापकाशी लग्न केले, पण तो संसार टिकला नाही. 1949 मध्ये दोघे वेगळी झाली. 7 जानेवारी 1953 रोजी न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराने तिचा अंत झाला. वय अवघे अठ्ठावन्न. शनूट गावी तिला मार्टिनच्या शेजारी पुरले आहे.

तिची आई मात्र तिच्यानंतरही हयात होती. लेकीने जगभरातून आणलेले सामान, फोटो, फिल्म तिने सांभाळून ठेवले होते. ते तिने गावाला देऊन टाकले, आणि 1961 साली शनूटमध्ये त्या दोघांच्या नावाचे संग्रहालय उघडले. ते आजही आहे.