कडू कवठ आणि डॉ. भाऊ दाजी

भायखळ्याच्या राणीच्या बागेतले जुने संग्रहालय डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. हे गृहस्थ मुळात डॉक्टर होते आणि कुष्ठरोग हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय होता, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

रामचंद्र विठ्ठल लाड यांचा जन्म १८२२ चा, गोव्यात पेडण्याजवळच्या मांद्रे गावचा. लहानपणी ते बुद्धिबळ इतके छान खेळत, की ते पाहून गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर यांनी मुलाला इंग्रजी शिकवा, असे वडिलांना सुचवले. पुढे १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. भाऊ त्याच्या पहिल्या तुकडीतले. १८५१ साली पदवी घेऊन बाहेर पडले. मग दवाखाना, गोरगरिबांना फुकट औषध, मुलींच्या शिक्षणाचा पुरस्कार, शिलालेखांचे वाचन, दोनदा मुंबईचे शेरीफपद. एवढा वेळ त्यांना मिळायचा कुठून, हे कोडेच आहे.

आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते त्यांचे संस्कृत. जुन्या वैद्यकग्रंथांत ज्या औषधांचे गुण गायले आहेत ती खरोखर किती उपयोगी, हे तपासता यावे म्हणून त्यांनी ती भाषा अभ्यासली. त्यातून कुष्ठरोगावर त्यांनी वापरलेल्या औषधांपैकी एक म्हणजे कडू कवठाच्या बियांचे तेल. हे झाड आपल्या सह्याद्रीतलेच. ओढ्याकाठच्या दाट रानात वाढते, टणक सालीचे गोल फळ धरते. त्याच जातकुळीतले चौलमुग्रा तेल पुढे कित्येक दशके जगभर कुष्ठरोग्यांना दिले गेले. पोटात घेतले की मळमळ, टोचले की भयंकर ठणका, आणि गुण येईलच याची खात्री नाही.

हॅन्सन यांनी नॉर्वेत कुष्ठरोगाचा जंतू दाखवला तो १८७३ साली. पुढच्याच वर्षी, ३१ मे १८७४ रोजी, भाऊ दाजी गेले. शत्रू कोण हे नीट कळण्याआधीच त्यांची लढाई संपली. जंतूवर खरा घाव घालणारे डॅप्सोन १९४० च्या दशकात वापरात आले. १९८२ पासून रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन यांची बहुविध औषधोपचार पद्धत आली.

तरी एक गोष्ट तेलाच्या काळी होती ती आजही आहे. उपचार चालू असताना, कधी संपल्यावरही, जुने चट्टे एकाएकी लाल होऊन सुजतात, नस दुखते, बोटांतली ताकद जाते. रुग्णाला वाटते गोळ्या बाधल्या, आणि तो त्या बंद करतो. ही ‘रिअ‍ॅक्शन’ गोळ्यांची नव्हे. शरीराची प्रतिकारशक्ती मेलेल्या जंतूंवरही तुटून पडते, त्यातून हा दाह होतो. जंतुनाशक गोळ्या चालूच ठेवायच्या आणि दाहावर वेगळे औषध, बहुधा प्रेडनिसोलोन, लगेच सुरू करायचे. मेडिकलमधून आणलेल्या साध्या वेदनाशामकाने ठणका कमी होईल, नस वाचेलच असे नाही.

आमच्या सिस्टर रुग्णाला सांगतात ते असे: प्रेडनिसोलोन सकाळी खाल्ल्यावर घ्या. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका, ते हळूहळूच कमी करायचे असते. साखर आणि रक्तदाब तपासत राहा. रिफाम्पिसिनने लघवी लालसर होते, क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. दोन्हींना घाबरू नका. डॅप्सोन सुरू केल्यावर ताप आणि अंगभर पुरळ आले, तर मात्र त्याच दिवशी दाखवायला या. कुष्ठरोगाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.