जनीचे अभंग कोणाचे?

परभणी जिल्ह्यातील गोदावरीकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. शिंप्याच्या घरी आयुष्यभर दासी म्हणून राबलेल्या या कवयित्रीचे अभंग सात शतकांनंतरही महाराष्ट्राच्या ओठांवर आहेत. मात्र त्यांतील कोणते अभंग त्यांचे स्वतःचे आणि कोणते त्यांच्यावरील प्रेमापोटी इतरांनी रचलेले, हा प्रश्न अभ्यासकांना अद्याप सोडवत नाही.

परंपरेनुसार जनाबाईंच्या वडिलांचे नाव दमा आणि आईचे करुंड. दोघेही विठ्ठलभक्त होते. लहान वयातच जनाबाई पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आल्या आणि अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. दामाशेटींचे पुत्र म्हणजे संत नामदेव. त्यांचा जन्म १२७० चा मानला जातो. दामाशेटी, गोणाई, नामदेव, राजाई आणि नारा, विठा, गोंदा, महादा ही चार मुले अशा भरल्या घरातील दळण, कांडण, झाडलोट, पाणी आणि शेण्या थापण्याचे काम जनाबाईंच्या वाट्याला आले. या घरातच त्यांच्या कानांवर संतमेळ्याची वाणी पडली. नामदेवांना त्यांनी गुरू मानले आणि अभंगांच्या शेवटी स्वतःला नामदेवांची दासी म्हणवून घेतले.

या अभंगांतील विठ्ठल देव्हाऱ्यातला नाही. तो जात्याचा खुंटा धरतो, पाणी भरतो, शेण्या वेचतो, जनीची वेणीफणीही करतो. जनाबाई त्याच्याशी कधी लेकराप्रमाणे, कधी मैत्रिणीप्रमाणे बोलतात आणि रागावल्या तर त्याला शिव्याही देतात. ज्या बाईला सर्वांची सेवा करावयाची होती, तिच्या काव्यात साक्षात जगाचा धनी तिची सेवा करतो. ही कल्पना वाटते तितकी भाबडी नाही.

पुराणातील पात्रांनाही जनाबाईंनी आपल्या वाणीत घेतले. कृष्णजन्म, प्रल्हादचरित्र, थालीपाक, हरिश्चंद्राख्यान अशी आख्याने त्यांच्या नावावर आहेत. थालीपाकात वनवासातील द्रौपदीच्या दारी दुर्वास ऋषी शिष्यांसह अवेळी येतात. घरात अन्न उरलेले नाही आणि थाळीला चिकटलेल्या भाजीच्या पानावर श्रीकृष्ण तृप्त होतो. हरिश्चंद्राच्या कथेत राणी तारामती दासी म्हणून विकली जाते. रिकामे भांडे आणि दासीपण यांचा अर्थ जनाबाईंना कोणी समजावून सांगावा लागला नसणार. द्रौपदीवरील त्यांच्या रचनांपासून पुढे सतराव्या शतकातील कवी मुक्तेश्वरांना स्फूर्ती मिळाली, असे मानले जाते.

कथा सांगणाऱ्या जनाबाई पुढे स्वतःच कथेतील पात्र झाल्या. विठ्ठलाचे पदक त्यांच्याकडे सापडल्याने चोरीचा आळ आला, सुळाची शिक्षा झाली आणि सुळाचे पाणी झाले, ही कथा कीर्तनांतून गावोगाव पोहोचली. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त त्यांचे चरित्र रंगवले. १९४९ मध्ये ‘संत जनाबाई’ हा चित्रपट आला. त्यात हंसा वाडकर यांनी जनाबाईंची भूमिका केली.

यापेक्षाही मोठी निर्मिती झाली ती जात्यावर. पहाटे दळताना बायकांनी जनीवर ओव्या रचल्या. त्यांत विठ्ठल जनीला दळू लागतो, रुक्मिणी रुसते आणि देव जनीच्या झोपडीकडे निघतो. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. विठ्ठल आणि जनी ही त्यांतील लाडकी जोडी आहे. या ओव्या रचणाऱ्या बहुतेक स्त्रियांना अक्षरओळख नव्हती. देवाला आपल्या कामात बोलावण्याचा हक्क मात्र त्यांनी जनाबाईंकडून घेतला.

येथेच कर्तृत्वाचा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. जनाबाईंच्या नावावर सुमारे ३५० अभंग छापले गेले आहेत. मात्र दीर्घकाळ ते मौखिक परंपरेत आणि कीर्तनकारांच्या वह्यांत नांदत होते. जनीची नाममुद्रा घालून कोणीही अभंग रचू शकत होते. नामदेवांच्या बाबतीतही तेच घडले. नंतरच्या विष्णुदास नामा या कवीच्या रचना त्यांच्या गाथेत मिसळल्या. कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले याची यादी देणारा एक अभंगही जनाबाईंच्या नावावर आहे. त्यात इतरांना माणसे लेखक म्हणून लाभली आहेत; जनीचा लेखक मात्र स्वतः पांडुरंग आहे.

लोकमानसाने या प्रश्नाचे उत्तर एका आख्यायिकेतून दिले. कबीर जनीला भेटायला आले, तेव्हा ती शेण्यांवरून शेजारणीशी भांडत होती. कोणत्या शेण्या कोणाच्या, हे ठरेना. कबीरांनी एकेक शेणी कानाला लावली. ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या जनीच्या ठरल्या. कबीर हे पंधराव्या शतकातील, त्यामुळे ही भेट इतिहासात बसत नाही. पण अभंगांच्या निवाड्यात अभ्यासकही भाषेची जुनी वळणे आणि हस्तलिखितांचा पुरावा यांबरोबर अखेर कानाचाच कौल घेतात.

परंपरेनुसार जनाबाईंनी नामदेवांबरोबरच १३५० मध्ये पंढरपूरच्या महाद्वारी देह ठेवला. पंढरपूरजवळ गोपाळपूरला त्यांचे जाते दाखवले जाते, गंगाखेडला गोदावरीकाठी त्यांचे मंदिर आहे. ज्या दासीला स्वतःचे म्हणावे असे घर नव्हते, तिचे नाव असंख्य अनाम बायकांनी आपल्या शब्दांना दिले. त्या शब्दांतून जनीला वेगळे काढणे अभ्यासासाठी आवश्यक आहे. मात्र ते करताना तिच्या नावामागे उभ्या असलेल्या त्या बायकांचा आवाज पुसला जाणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागेल.