विल्यम केरी : स्वीकारलेली शिस्त

इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनशायर परगण्यात, पॉलर्सपरी या खेड्यात, 17 ऑगस्ट 1761 रोजी विल्यम केरी यांचा जन्म झाला. वडील विणकर होते. पुढे ते गावच्या शाळेचे शिक्षक झाले. विल्यम मात्र लहान वयातच जोडे शिवण्याचे काम शिकण्यासाठी उमेदवार म्हणून राहिले.

एका नाताळात दुकानदाराने बक्षीस म्हणून दिलेली शिलिंग खोटी निघाली. केरींनी मालकाच्या पैशांतील खरी शिलिंग स्वतःकरिता खर्च केली, तिच्या जागी ही खोटी शिलिंग दाखवली आणि लबाडी निभावून जावी म्हणून देवाची प्रार्थनाही केली. ती निभावली नाही. चौकशी झाली, खोटेपणा उघड झाला आणि या मुलाला लोकांसमोर तोंड दाखवण्याचीही लाज वाटू लागली. पुढे मोठेपणी त्यांनी ही हकिकत स्वतःच लिहून ठेवली. आपली लबाडी देवाने पार पडू दिली नाही, हीच त्याची कृपा, असे ते मानत. त्यांच्या ख्रिस्ती जीवनाची घडण या लाजेपासून सुरू झाली.

1783 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. जोडे शिवता शिवता त्यांनी लॅटिन, ग्रीक व हिब्रू भाषा आत्मसात केल्या आणि 1793 मध्ये ते सहकुटुंब बंगालमध्ये आले. पुढच्याच वर्षी लहानगा पीटर दगावला. पत्नी डॉरथी यांचे मन जे ढासळले, ते 1807 मध्ये मृत्यू येईपर्यंत सावरले नाही. त्या माउलीने पतीच्या ध्येयाची फार मोठी किंमत मोजली, हेही चरित्रकाराने सांगितलेच पाहिजे.

1800 मध्ये केरी श्रीरामपूरला आले. तेथे मार्शमन व वॉर्ड या सहकाऱ्यांसह त्यांनी एक नियम पत्करला : प्रत्येकाची मिळकत सर्वांच्या समाईक निधीत जायची. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी बंगाली, संस्कृत व मराठी शिकवू लागले. तो पगारही त्याच निधीत पडे. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने त्यांनी 1805 मध्ये मराठीचे व्याकरण आणि 1810 मध्ये मराठी शब्दकोश प्रसिद्ध केला. महाराष्ट्रापासून दूर मराठी शाळा चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना या परप्रांतीय मराठी सेवेचे विशेष अप्रूप वाटावे.

11 मार्च 1812 च्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागद, खिळे आणि वर्षानुवर्षांच्या श्रमांची हस्तलिखिते जळाली. त्यांत संस्कृत व तिच्याशी संबंधित अनेक भाषांचा मोठा कोशही होता. कलकत्त्यात असलेल्या केरींना ही वार्ता दुसऱ्या दिवशी कळली. त्यांनी कोणालाही दोष दिला नाही. आपण स्वतःच्या कामावर विसंबू लागलो होतो काय, हे त्यांनी आधी स्वतःला विचारले. हे परमेश्वराचे शासन समजून त्यांनी मान लवविली आणि येत्या रविवारी 46 व्या स्तोत्राच्या आधारे प्रवचन केले. मग राखेतील वितळलेल्या धातूचे नवे खिळे पाडण्यात आले आणि भाषांतरे पुन्हा सुरू झाली. एकदा चाललेली वाट दुसऱ्यांदा अधिक नेमकी चालता येते, असा त्यांचा अनुभव होता. तो मोठा कोश मात्र गेला तो गेलाच.

डिसेंबर 1829 मध्ये, एका रविवारी, सतीबंदीचा कायदा बंगालीत आणण्यासाठी त्यांच्याकडे आला. उशीर झाला तर जीव जातील, हे ओळखून त्यांनी प्रवचन दुसऱ्यावर सोपवले आणि संध्याकाळपर्यंत भाषांतर पूर्ण केले. 9 जून 1834 रोजी श्रीरामपूर येथेच त्यांचे निधन झाले.

स्वतःला इतके काटेकोर वागवणारे केरी मुलांच्या बाबतीत मात्र फार सैल राहिले. थोरल्या मुलांना वळण लावण्याचा भार सहकाऱ्यांना उचलावा लागला. म्हणूनच हे चरित्र पालकांनी आणि आम्हा शिक्षकांनी दोन्ही बाजूंनी वाचावे. मुलाची चूक झाकून त्याला वाचवणे, ही माया नव्हे. त्या नाताळात ती खोटी शिलिंग खपली असती, तर त्या मुलाचे पुढे काय झाले असते? आज माजी विद्यार्थी म्हणून या अंकात डोकावणाऱ्या प्रत्येकाला आपली अशी एखादी पकडली गेलेली शिलिंग आठवेल. ती पकडणाऱ्या गुरुजनांचे स्मरण करावे, हीच या हीरक महोत्सवी वर्षातील प्रार्थना.