डॉक्टर कार्व्हर आणि मुळांवरील गाठी

भुईमुगाचे झाड उपटून पाहिले असता त्याच्या मुळांवर मोहरीएवढ्या बारीक गाठी दिसतात. त्या रोगाच्या नव्हेत. त्यांत डोळ्यांस न दिसणारे जिवाणू राहतात व ते हवेतील नत्र झाडास मिळवून देतात. हे रहस्य १८८६ ते १८८८ या काळात जर्मनी व हॉलंड येथील शास्त्रज्ञांनी उकलले. परंतु कडधान्यांनी जमीन सुधारते, ही विद्या अत्यंत गरीब शेतकऱ्यांच्या दारी नेण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या डॉक्टर जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे चरित्र आज आम्ही खेड्यांतील मंडळ्यांपुढे ठेवीत आहो.

कार्व्हर यांचा जन्म अमेरिकेतील मिसूरी संस्थानात १८६४ च्या सुमारास गुलामीत झाला. गुलामाच्या मुलाची जन्मतिथी कोण लिहून ठेवणार? ते तान्हे असतानाच दरोडेखोरांनी त्यांस मातेसह पळवून नेले. मूल परत मिळाले. माता पुन्हा कधीच सापडली नाही. धनी मोझेस कार्व्हर व त्याची पत्नी सुझन यांनी त्या पोरक्या मुलास वाढविले. विद्येसाठी ते गावोगाव हिंडले व लोकांचे कपडे धुऊन त्यांनी पोट भरले. कॅन्सस येथील एका महाविद्यालयाने त्यांस प्रवेश देऊ केला, परंतु ते दारी येताच वर्ण पाहून परत लाविले. तरी त्यांनी धीर सोडिला नाही. १८९४ साली ते आयोवा येथील कृषी महाविद्यालयाचे पदवीधर झाले, व तेथेच त्यांस शिक्षकाची जागाही मिळाली.

१८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांस अलाबामातील टस्कीगी येथील आपल्या शाळेत बोलाविले. मानाची जागा सोडून कार्व्हर तेथे गेले. पिढ्यान्‌पिढ्या कापूसच घेतल्यामुळे तेथील जमिनीचा कस निघून गेला होता, आणि गुलामीतून सुटलेले लोक वाट्याने जमीन कसून कर्जात बुडाले होते. त्याच सुमारास जर्मनीत गाठींतील जिवाणू बाटलीत भरून विकण्यास प्रारंभ झाला होता. पण या गरिबांस ती बाटली कोठून मिळणार? कार्व्हर यांनी त्यांस सांगितले की, कापसाच्या रानात आलटून पालटून चवळी व भुईमूग पेरा, पालापाचोळा कुजवून घाला, म्हणजे जमीन पुन्हा उभारी धरील. १९०६ साली त्यांनी खेचरांची एक गाडी सिद्ध केली व तीत अवजारे आणि बियाणे घालून फिरती शाळाच खेड्यांत धाडिली.

पण पिकले ते खपावे कसे? म्हणून १९१६ साली त्यांनी भुईमुगाची लागवड व त्याचे खाण्याचे १०५ प्रकार सांगणारी पुस्तिका काढिली. १९२१ साली अमेरिकेच्या कायदेमंडळाच्या समितीपुढे त्यांस बोलण्यास दहा मिनिटे मिळाली. समितीने ऐकता ऐकता ती मुदत वाढविली. इतकी कीर्ती होऊनही ते टस्कीगी सोडून गेले नाहीत. पहाटे रानात जाऊन प्रार्थना करावी, दिवसा काम करावे व रविवारी विद्यार्थ्यांस पवित्र शास्त्र शिकवावे, असा त्यांचा क्रम असे. आयुष्यभराची शिल्लक त्यांनी संशोधनासाठी देऊन टाकिली. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांस देवाज्ञा झाली.

जिवाणूंचा शोध कार्व्हर यांचा नव्हे, हे आम्ही मुद्दाम सांगतो. शोध दुसऱ्यांनी लाविला, पण प्रयोगशाळेतील ज्ञान शेताच्या बांधावर पोहोचल्यावाचून भाकरी होत नाही, हे त्यांनी ओळखिले.

आमचे विश्रांतवाडी आता पुणे शहरात सामावले आहे. पण ज्या खेड्यांत हे पत्र जाते तेथे हा प्रश्न आजही पोटाचा आहे. हरभऱ्याचा बेवड चांगला, हे आमचे वाडवडील जाणत होतेच. आता परदेशांत पेरणीयंत्रास बारीक तोट्या लावून जिवाणूंचे पाणी बियाजवळच तासात नेमके फवारतात. असे यंत्र नसले तरी हेच काम आम्हांस घरी करता येते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात तयार होणारे रायझोबियम संवर्धक आणावे. दर १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम घेऊन गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावे, सावलीत सुकवावे व लगेच पेरावे. भुईमूग, तूर, मूग यांचे संवर्धक निराळे, हरभऱ्याचे निराळे व सोयाबीनचे निराळे, हे विसरू नये. पाकीट उन्हात ठेविल्यास जिवाणू मरतात, आणि युरिया फार घातल्यास गाठी धरत नाहीत. पीक फुलावर आले की एक गाठ नखाने फोडून पाहावी. आत तांबूस रंग दिसला तर जिवाणू कामास लागले आहेत असे समजावे.

येत्या मृगापूर्वी प्रत्येक मंडळीतील एका तरी जाणत्या बंधूने अथवा भगिनीने हे शिकून घ्यावे, आणि ज्यांस वाचता येत नाही त्यांच्या शेतावर जाऊन ते करून दाखवावे, अशी आमची नम्र विनंती आहे. डॉक्टर कार्व्हर यांची सेवा ती हीच होती.