प्रतिपिंडांना प्रकाश देणारा संशोधक

एड्सच्या रुग्णाची 'सीडी ४' तपासणी आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी ४ नावाचा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर असतो. त्याला नेमके चिकटणारे, चमकणारा रंग जोडलेले प्रतिपिंड रक्तात मिसळले जातात आणि चमकणाऱ्या पेशी यंत्र मोजते. या तंत्राचा पाया ज्याने घातला, त्या डॉ. अल्बर्ट कून्स यांचे नाव मात्र प्रयोगशाळांच्या बाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही.

कून्स यांचा जन्म २८ जून १९१२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ग्लोव्हर्सव्हिल या गावी झाला. हातमोज्यांच्या धंद्यावरून नाव पडलेले हे गाव. हार्वर्डमधून १९३७ साली ते डॉक्टर झाले. १९३९ मध्ये, महायुद्ध उंबरठ्यावर असताना, त्यांचा मुक्काम बर्लिनला होता. त्या काळी संधिवाताच्या तापाने असंख्य मुलांची हृदये निकामी होत. घशात शिरलेल्या स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूंशी या तापाचे नाते असावे, असा तर्क होता. पण हृदयाच्या ऊतीत जीवाणूंचे अंश दाखवणार कसे? प्रतिपिंड आपले लक्ष्य अचूक शोधतो, मात्र तो डोळ्यांना दिसत नाही. मग त्यालाच दिसेल असे का करू नये? कून्स यांची कल्पना एवढी साधी होती.

ती प्रत्यक्षात आणणे साधे नव्हते. प्रतिपिंड हे नाजूक प्रथिन. त्याला रंग जोडताना त्याची ओळखण्याची शक्ती टिकायला हवी होती. हार्वर्डमधील रसायनशास्त्रज्ञ ह्यू क्रीच आणि नॉर्मन जोन्स यांच्या साह्याने कून्स यांनी न्युमोकॉकसविरोधी प्रतिपिंडांना अँथ्रासीनचे संयुग जोडले. अतिनील किरणांखाली जीवाणू निळे चमकले. हे १९४१ साली प्रसिद्ध झाले. पण ऊतींवर हा प्रयोग करताच पंचाईत झाली. ऊतींचीही स्वतःची निळसर चमक असते. तीत हा प्रकाश हरवून जाई. तेव्हा फ्लुओरेसीन या हिरवट चमकीच्या रंगाकडे ते वळले. तो जोडण्यासाठी लागणारे संयुग बनवताना फॉस्जीन हाताळावा लागे. पहिल्या महायुद्धात ज्याने सैनिक मेले, तोच हा वायू! १९४२ मध्ये लागण झालेल्या उंदरांच्या ऊतींत जीवाणूंचे अंश हिरवे चमकताना दिसले. आणि नेमके तेव्हाच काम थांबले. कून्स सैन्यात दाखल झाले आणि युद्धाची वर्षे त्यांनी दक्षिण प्रशांत महासागरात काढली.

परतल्यावर मेल्व्हिन कॅप्लान यांच्यासह त्यांनी १९५० मध्ये सुधारित पद्धत मांडली. १९५४ मध्ये थॉमस वेलर यांच्याबरोबर कांजिण्या आणि नागीण यांच्या विषाणूंवर त्यांनी काम केले. या दोन रोगांमागे एकच विषाणू आहे, या मताला त्यातून बळ मिळाले. याच अभ्यासात त्यांनी पहिला प्रतिपिंड बिनरंगाचा ठेवून त्याला चिकटणाऱ्या दुसऱ्या प्रतिपिंडाला रंग दिला. प्रयोगशाळांत ही युक्ती अजून चालते. पुढच्याच वर्षी शरीरातील प्रतिपिंड प्लाझ्मा पेशींत तयार होतात, हे त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. १९५८ मध्ये कॅन्ससच्या संशोधकांनी फ्लुओरेसीनचे अधिक सोयीचे संयुग दिले आणि फॉस्जीनची धास्ती संपली. १९५९ मध्ये कून्स यांना लास्कर पुरस्कार मिळाला. नोबेलने मात्र हुलकावणी दिली.

एव्हाना त्यांची पद्धत जिवंत पेशींपर्यंत पोचली होती. १९७१ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी लिम्फोसाइट पेशींवरील ग्राहक-रेणूंना असेच प्रतिपिंड लावले, तर ते पेशीच्या एका टोकाला टोपीसारखे गोळा होताना दिसले. पेशीचे आवरण स्थिर नसून प्रवाही असते, याचा तो ठळक पुरावा. अमेरिकेत लिओनार्ड हर्झनबर्ग यांनी चमकणाऱ्या पेशी वेगळ्या काढणारे यंत्र घडवले, तर १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टीन यांनी एकाच लक्ष्याला चिकटणारे एकसारखे प्रतिपिंड हवे तितके बनवण्याची वाट दाखवली.

३० सप्टेंबर १९७८ रोजी कून्स यांचे निधन झाले. तीन वर्षांनी एड्सचे पहिले रुग्ण अमेरिकेत नोंदले गेले. त्यांच्या सीडी ४ पेशी मोजायला त्यांनी दिलेलीच पद्धत हाताशी होती.